पाठमोरा मदतनीस

पॅरिस
५ सप्टेंबर २०२४

प्रिय दत्तू,

तान्ह्या पोळ्याचे फोटो मिळाले. छोटीनं लाकडी बैलाच्या शिंगांना नेलपॉलिश लावलंय, हे वहिनींना चाललं कसं ते कळव. बाकी खुशाली फोनवर होतेच. आज लिहायला बसलो ते एका खेळाबद्दल. फोनवर तू दुसऱ्याच मिनिटाला "अबे, मुद्द्यावर ये" म्हणतोस, आणि इथं मुद्द्यावर यायला जरा वेळ लागणार आहे.

सोमवारी सुटी टाकून पॅरालिम्पिक बघायला गेलो होतो. पोर्त द व्हर्सायला प्रदर्शनांचे मोठमोठे हॉल आहेत, महिन्याभरापूर्वी त्यातल्याच एकात ऑलिम्पिकचं व्हॉलीबॉल झालं. आता तिथं बोचिया. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ नाहीच, पॅरालिम्पिकमध्ये मात्र १९८४पासून आहे. ज्यांचे हातपाय त्यांचं फारसं ऐकत नाहीत, अशी माणसं तो व्हीलचेअरवर बसून खेळतात. कुणाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी, कुणाला आपल्या छोटीसारखी सेरेब्रल पाल्सी. म्हणूनच गेलो, खोटं कशाला सांगू?

साडेबारा मीटर लांब, सहा मीटर रुंद कोर्ट. आधी एक पांढरा चेंडू टाकायचा, त्याला जॅक म्हणतात. मग एकाचे सहा लाल, दुसऱ्याचे सहा निळे. ज्याचा चेंडू जॅकपासून लांब, त्यानं पुढचा टाकायचा. शेवटी समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या चेंडूपेक्षा तुझे जितके चेंडू जॅकजवळ, तितके तुझे गुण. असे चार डाव. ऐकायला बाळबोध वाटतं ना? बघायला बस, म्हणजे कळेल किती खुनशी खेळ आहे. कुणी जॅकच्या वाटेत आपला चेंडू आडवा घालून ठेवतो, कुणी समोरच्याचा ठोकून उडवतो, आणि सगळंच बिनसलं तर जॅकलाच ढकलून आपल्या चेंडूंच्या घोळक्यात नेतो. मऊ चेंडू पडला तिथं बसतो, कडक चेंडू दुसऱ्याला हलवतो. कुठला कधी काढायचा यावर निम्मा डाव. आणि पंच गुडघे टेकून कंपासनं अंतर मोजत असतो, फट फारच बारीक असली तर टॉर्च मारून बघतो. तेवढ्या वेळात हॉलमध्ये चिटपाखरू बोलत नाही.

आता मुद्दा. यात चार मुख्य गट आहेत, बीसी १ ते बीसी ४. मी बघितला तो बीसी ३. यातल्या खेळाडूंना चेंडू हातानं फेकताच येत नाही, म्हणून समोर रॅम्प असतो, छपराच्या पन्हाळीसारखा उतरता. चेंडू त्यावर ठेवायचा आणि सोडून द्यायचा. कुणी बोटानं सोडतं, कुणी डोक्याला बांधलेल्या किंवा तोंडात धरलेल्या काडीनं. रॅम्प हलवायला, चेंडू वर ठेवायला सोबत एक मदतनीस असतो. आणि त्या मदतनीसानं, दत्तू, कोर्टाकडे पाठ करून बसायचं! डाव चालू असताना वळून बघायचं नाही, सुचवायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. बघितलं तर दंड. खेळाडू सांगणार, जरा डावीकडे, आणखी थोडं, चेंडू वर घे, बस्स. मदतनीस तेवढंच करणार. चेंडू गडगडत गेला, लोक ओरडले, तरी त्या बिचाऱ्याची नजर खेळाडूच्या चेहऱ्यावरच. काय झालं ते त्याला तिथूनच कळणार.

अंतिम सामना दक्षिण कोरियाचा जोंग हो-वोन आणि ऑस्ट्रेलियाचा डॅनियल मिशेल यांच्यात झाला. जोंग ५-२ असा जिंकला. कोरियाचं काय सांगू, १९८८च्या सोलपासून एकही पॅरालिम्पिक त्यांनी बोचियाच्या सुवर्णाशिवाय सोडलेलं नाही, हे सलग दहावं! जोंगनं स्वतः रिओतही वैयक्तिक सुवर्ण मिळवलं होतं. पदक देताना बीसी ३मध्ये मदतनीसाच्या गळ्यातही घालतात. ते मला फार आवडलं. डोकं खेळाडूचं आणि हात मदतनीसाचे, आणि दोघांनाही ते ठाऊक.

मी मात्र त्या पाठमोऱ्या माणसाकडेच बघत बसलो होतो. आपल्याकडे हे बरोबर उलट चालतं. डॉक्टर छोटीचं कुठं दुखतं ते तुला विचारतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिची खुर्ची कुठं ठेवायची हे बाई ठरवतात. पाहुणे तिच्या डोक्यावरून हात फिरवून वहिनींना म्हणतात, "हिला आइस्क्रीम चालतं का?" पोरगी बारा वर्षांची आहे, उत्तर तिच्याकडे असतं, फक्त ते यायला अर्धं मिनिट लागतं. बीसी ३च्या खेळाडूला एका डावाला सहा मिनिटं देतात आणि समोरचा मुकाट्यानं थांबतो.

काल सांगलीकडच्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत रौप्य मिळवलं, १६.३२ मीटर. इकडे आम्ही चार मराठी टाळकी बेभान नाचलो. पण यंदा भारताचे खेळाडू १२ खेळांत उतरले आणि त्यात बोचिया नाही. टोकियोतही नव्हता. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण याला ना घोडा लागतो ना होडी. सपाट जमीन, चेंडू आणि एक उतरती पट्टी. हो, स्पर्धेचा रॅम्प आणि चेंडू महाग असतात, ते आहेच. पण शिकायला पीव्हीसीचा पाइप उभा चिरला तरी भागतं.

आणि हो, यंदापासून वैयक्तिक सामन्यांत मुलींची स्पर्धा वेगळी केली आहे. बीसी ३मध्ये हाँगकाँगच्या हो युएन केईनं सुवर्ण घेतलं. छोटीला तिचा व्हिडिओ दाखव, मी लिंक पाठवतो. लगेच "तूही असंच कर" म्हणू नकोस मात्र. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मी डिसेंबरात वर्ध्याला येतोय. सरावाच्या चेंडूंचा एक संच घेऊन येईन. तू तोवर रॅम्पचं बघ, तुझा तो फॅब्रिकेशनवाला आहेच. त्यासाठी छोटीच्या खुर्चीत बसल्यावर गुडघ्यापासून जमिनीपर्यंतची उंची आणि उजवा हात कुठवर पुढे जातो, ही दोन मापं मला पाठव. रंग कुठला हवा, ते तिलाच विचार.

वहिनींना नमस्कार, छोटीला लाड.

तुझा,
सुधाकर