एक्सपोर्टला हिरवी टिक आली, बाण मात्र उलटे झाले

प्रति,
कस्टमर सपोर्ट, आणि सपोर्टच्या वर जे कोणी बसतात ते सगळे

विषय: तुमच्या ग्राफ डेटाबेसमधला डेटा तुमच्याच नव्या व्हर्जनमध्ये नेताना झालेला घोळ, आणि आमचं टिकेट तीनदा परस्पर बंद केल्याबद्दल

नमस्कार,

पत्र लांब होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. चॅटवर चार ओळी लिहिल्या की तुमच्याकडून "फाइल व्हॅलिड आहे, पुन्हा ट्राय करा" एवढंच येतं, आणि दोन दिवस उत्तर दिलं नाही की टिकेट आपोआप बंद. म्हणून आता सगळं एकाच ठिकाणी लिहितोय.

तुम्ही मेल पाठवला की जुनं व्हर्जन बंद होणार, सगळ्यांनी आपापला डेटा एक्सपोर्ट करून नव्यात इम्पोर्ट करून घ्यावा, "काही क्लिकमध्ये काम होईल". म्हणजे बाहेर काढणारं बटण तुमचं आणि आत घेणारंही तुमचंच, मध्ये दुसरं कुणी नाही. त्यामुळे "समोरच्या टूलचा प्रॉब्लेम असेल" हे कृपया पुन्हा लिहू नका, पहिल्या टिकेटवर लिहून झालंय.

आमच्याकडे मशीनच्या पार्टचा ग्राफ आहे. प्रत्येक पार्ट एक नोड, म्हणजे ग्राफमधला एक ठिपका, आणि दोन पार्टमधलं नातं म्हणजे रिलेशनशिप. कोणता पार्ट कोणत्या असेंब्लीत बसतो ती एक रिलेशनशिप, तिच्यावर किती नग आणि कुठल्या जागी हे लिहिलेलं. आणि दुसरी रिलेशनशिप "ऐवजी चालतो", ही आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे जुना सील मिळत नसेल तर त्याच्या जागी नवा कोणता लावायचा. हिची दिशा बाणासारखी एकच असते. जुन्याच्या जागी नवा चालतो, नव्याच्या जागी जुना चालत नाही, कारण बऱ्याच वेळा तो काहीतरी गडबड होती म्हणूनच काढलेला असतो. एकूण नोड ४१,३०६ आणि रिलेशनशिप २,१८,७४०. फार मोठा ग्राफ नाही, पण कित्येक वर्षं हाताने भरून भरून झालाय.

पहिल्यांदा तुमच्या गाइडप्रमाणे ग्राफएमएल नावाच्या फाइल फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट केलं. हिरवी टिक, "एक्सपोर्ट पूर्ण झालं". इम्पोर्ट केलं, परत हिरवी टिक. नोड मोजले, बरोबर ४१,३०६. रिलेशनशिप मोजल्या, बरोबर २,१८,७४०. आम्ही खूश, म्हटलं चला सुटलो. जुन्याकडे जाणारी वाट बंद केली नाही एवढी एकच अक्कल त्या दिवशी दाखवली म्हणायची.

चार दिवसांनी दुरुस्तीवाल्या सहकाऱ्याचा फोन आला की सिस्टीम सांगतेय या नव्या सीलच्या ऐवजी जुना लावा, आणि हा जुना तर आपण बाद केलेला होता ना? त्याला लक्षात होतं म्हणून त्याने विचारलं. नवीन माणूस असता तर त्याने निमूटपणे लावून टाकला असता. मी म्हटलं एखादी एंट्री चुकली असेल, बघितलं तर दुसरीही उलटी, तिसरी बरोबर, चौथी उलटी. सगळ्याच उलट्या असत्या तरी परवडलं असतं, एक क्वेरी मारून पलटवल्या असत्या. इथे काही सरळ काही उलट्या आणि वरून बघून कुठली कशी ते कळायला मार्ग नाही.

मग फाइल एडिटरमध्ये उघडून बसलो. ग्राफएमएल म्हणजे शेवटी एक्सएमएलच आहे, टॅग लावलेला साधा मजकूर, वाचता येतं. सुरुवातीच्या ग्राफ टॅगवर एजडिफॉल्ट नावाचं अ‍ॅट्रिब्यूट असतं, एजना, म्हणजे रिलेशनशिपना, दिशा आहे की नाही ते त्यात सांगायचं असतं, डिरेक्टेड किंवा अनडिरेक्टेड. ते अ‍ॅट्रिब्यूट त्या फॉरमॅटमध्ये द्यावंच लागतं, म्हणजे चुकून राहून गेलं असंही म्हणता येत नाही, तुमच्या कोडमध्ये कुणीतरी तो शब्द बसून टाइप केलाय. आणि तुमच्या फाइलमध्ये लिहिलंय अनडिरेक्टेड! ज्या डेटाबेसमध्ये दिशेशिवाय रिलेशनशिप सेव्हच होत नाही त्याचा एक्सपोर्ट सांगतो की आमच्याकडे दिशा वगैरे काही नसते. बरं, प्रत्येक एजवर सोर्स आणि टार्गेट बरोबर लिहिलेले आहेत, पण तुमचा इम्पोर्टर म्हणतो अनडिरेक्टेड आहे ना, मग क्रमाने काय फरक पडतो, आणि ज्याचा आयडी लहान तो आधी ठेवतो. आम्ही तपासलं, नव्या डेटाबेसमधली एकही एज मोठ्या आयडीकडून लहानाकडे जात नाही. म्हणून काही सरळ आणि काही उलटे. आकडा मात्र जुळतो, कारण बाण तेवढेच आहेत, फक्त टोक फिरलंय.

हे सगळं स्क्रीनशॉटसकट टिकेटमध्ये टाकलं. उत्तर काय आलं तर "फाइल स्कीमाप्रमाणे व्हॅलिड आहे". अहो, फॉरमॅटच्या नियमांत बसते, व्हॅलिड आहेच की! पत्रावर पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिलाय पण चुकीचा लिहिलाय, तर पोस्टमन काय करणार.

पुढे त्याच उत्तरात "आम्ही इंडस्ट्री स्टँडर्ड पाळतो" असंही होतं. कुठलं? २०२४ मध्ये जीक्यूएल नावाचं आयएसओ स्टँडर्ड आलं, नंबर ३९०७५, पण ते क्वेरीच्या भाषेचं आहे, तुमच्या एक्सपोर्टची फाइल कशी असावी त्याच्याशी त्याचा संबंध नाही. आरडीएफ नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या ग्राफवाल्यांचं या बाबतीत बरंय, त्यांच्या एन-ट्रिपल्स फाइलमध्ये एका ओळीत कर्ता, नातं, कर्म असा क्रम ठरलेला, बाण हरवायची सोयच नाही (त्यांच्याकडे नात्यावरच तारीख नि नग लिहायचे म्हटलं की वेगळी कसरत असते, ते सोडा). आपल्या प्रकारच्या ग्राफमध्ये प्रत्येक कंपनी आपल्या मनाने फाइल देते, म्हणून तर काय गेलं आणि काय राहिलं हे कंपनीने सांगायला हवं. अपाचे टिंकरपॉप या ग्राफ सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की ग्राफएमएल लॉसी आहे, म्हणजे त्यात काही माहिती गळते, प्रॉपर्टी (आमचे नग, जागा वगैरे) साध्या टाइपच्याच जातात. निओफोरजे या ग्राफ डेटाबेसच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की त्यांची लोड सीएसव्ही कमांड (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी फाइल) सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून वाचते, नंबर हवा तर तुम्ही बदलून घ्या. मर्यादा त्यांच्याकडेही आहेत, पण त्या आधीच वाचायला मिळतात हो.

मग तुमच्या माणसाने सुचवलं सीएसव्ही वापरा. वापरलं. या वेळी बाण सरळ आले, मान्य, पण रिलेशनशिप झाल्या २,११,०९५. म्हणजे ७,६४५ गायब. दोन संध्याकाळी घालवल्यावर कळलं की एकच बोल्ट एकाच असेंब्लीत पुढेही बसतो आणि मागेही बसतो, आमच्याकडे त्या दोन वेगळ्या रिलेशनशिप आहेत, जागा वेगळी, नग वेगळे. तुमचा इम्पोर्टर फक्त दोन टोकं आणि टाइप बघून मर्ज करतो, म्हणजे दुसरी आली की "ही तर आहेच" म्हणून पहिलीवरच तिच्या प्रॉपर्टी लिहितो. पुढचा बोल्ट गेला, मागचा राहिला. हे विचारल्यावर सांगितलं की मर्ज बंद करा, क्रिएट मोड लावा, म्हणजे प्रत्येक ओळीची नवी रिलेशनशिप होईल. लावला. निम्म्यावर टाइमआउट झाला, स्क्रीनवर "रिट्राय" आलं, दाबलं, आणि त्याने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, म्हणजे आधीच्या निम्म्या सगळ्या डबल. मर्ज लावला की जुळी पोरं एक होतात, मर्ज काढला की एकाची दोन होतात, मग आम्ही करायचं काय? फाइलमध्ये प्रत्येक रिलेशनशिपला तिचा स्वतःचा आयडी दिला असता तर दोन्ही प्रश्न मिटले असते.

सीएसव्हीची बाकीची रड थोडक्यात सांगतो. पार्ट नंबर ००४१७ होता तो ४१७ झाला कारण इम्पोर्टरने अंदाज लावला की हा आकडा दिसतोय. एक नंबर १२ई४ आहे, मधलं ई इंग्रजी, तो झाला १,२०,०००. मी आधी समजलो की शीट प्रोग्रॅममध्ये उघडून आमच्याच कुणीतरी घाण केली असेल, ओरडलोही एकावर, नंतर त्याची माफी मागितली. आणि एक्सपोर्ट चालू असताना दुसरा सहकारी नवे पार्ट भरत होता, तुम्ही नोड आधी लिहिता आणि रिलेशनशिप नंतर, मधल्या वेळात तयार झालेल्या ६३ रिलेशनशिप फाइलमध्ये आल्या पण त्यांचे नोडच फाइलमध्ये नाहीत. इम्पोर्टरने त्या गुपचूप सोडल्या. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये ओळ नाही.

आता जे सांगणार आहे ते मराठीत डेटा ठेवणाऱ्यांनाच दिसेल. आमची पार्टची नावं मराठीत आहेत. "दुसऱ्या बाजूची प्लेट" हे नाव घ्या. यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक सलग अक्षर म्हणून आणि दुसरा म्हणजे साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. डोळ्याला दोन्ही सारखेच. आमच्या जुन्या डेटाबेसमध्ये सलग अक्षर आहे, तुमचा एक्सपोर्ट ते फोडून र अधिक नुक्ता करून देतो. मग आमचं अ‍ॅप नेहमीसारखं नाव शोधतं, त्याला सापडत नाही, ते नवीन नोड बनवतं, आणि यादीत "दुसऱ्या बाजूची प्लेट" दोनदा दिसायला लागते. युनिक कन्स्ट्रेंटने, म्हणजे एकच नाव दोनदा येऊ न देणाऱ्या नियमाने, पकडलं का? नाही, एक तर त्याच्या हिशोबाने ती दोन वेगळी नावं, आणि दुसरं म्हणजे तुमच्या एक्सपोर्टमध्ये कन्स्ट्रेंट आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) येतच नाहीत, हेही आम्हाला सगळं स्लो झाल्यावर कळलं. ऱ्हस्व-दीर्घावरून आम्ही आपसात भांडतो ते वेगळं, पण अक्षर आहे तसं ठेवा एवढं तर मागू शकतो ना.

शेवटचा उपाय म्हणून जेसन नावाचा फाइल फॉरमॅट सुचवला गेला. फाइल चांगली होती, हे प्रामाणिकपणे सांगतो, टाइप होते, लिस्ट होत्या. पण आयडी आकडा म्हणून लिहिलेले, आणि इम्पोर्ट तुमच्या वेब पानावर ब्राउझरमध्ये चालतं. ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेला ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे पूर्णांक नीट धरता येत नाहीत, शेवटी ९९३ असलेला आयडी ९९२ होऊन बसतो. तुमचे आयडी याच्या बरेच पुढचे आहेत. शेजारच्या दोन पार्टचा आयडी एकच झाला आणि एकाच्या रिलेशनशिप दुसऱ्याला चिकटल्या. आयडी अवतरण चिन्हात टाकले असते तर हे झालंच नसतं, दोन चिन्हांचं काम होतं.

आमची चूकही सांगतो म्हणजे नंतर तुम्ही काढायला नको. आम्ही काही ठिकाणी तुमचाच अंतर्गत आयडी आमच्या अ‍ॅपच्या लिंकमध्ये वापरला होता, तो नव्या ठिकाणी बदलणारच होता, त्याचं बिल तुमच्या नावावर फाडत नाही. आता प्रत्येक नोडला आणि रिलेशनशिपला आमचा स्वतःचा आयडी दिलाय.

सध्या आम्ही जुन्याच व्हर्जनवर आहोत आणि स्वतः स्क्रिप्ट लिहिली आहे. एका ओळीत एक नोड, एका ओळीत एक रिलेशनशिप, सगळे आयडी स्ट्रिंग म्हणून, डेटाबेसमध्ये नवं लिहिणं थांबवून मगच काढायचं. तुमच्या एपीआयमधून (प्रोग्रॅमने डेटा मागायची सोय) पानापानाने घेताना क्रम ठरवून दिला नाही तर काही ओळी दोनदा येतात नि काही येतच नाहीत, तेही ठेच लागूनच शिकलो. आत टाकल्यावर नुसते एकूण आकडे बघत नाही, प्रत्येक टाइपच्या रिलेशनशिप किती, प्रत्येक नोडमधून बाहेर किती जातात आणि आत किती येतात हे दोन्हीकडे जुळवतो. बाहेर-आत वेगळं मोजलं असतं तर बाणांचा घोळ पहिल्याच दिवशी दिसला असता. हे काम मुळात तुमच्या बटणाने करायचं होतं.

तर आता मागण्या. जुनं व्हर्जन बंद करायची तारीख आमच्या खात्यासाठी पुढे ढकला, आमची स्क्रिप्ट पूर्ण तपासून होईपर्यंत. अनडिरेक्टेडवाली चूक दुरुस्त करा आणि ज्या ज्या ग्राहकांनी ग्राफएमएलने डेटा हलवलाय त्यांना मेल करा, कारण त्यांचेही आकडे जुळलेले असणार आणि तेही आमच्यासारखे निवांत बसलेले असणार. एक्सपोर्ट आणि इम्पोर्ट झाल्यावर हिरव्या टिकऐवजी यादी दाखवा, किती घेतलं, किती सोडलं, कुठले टाइप बदलले, कन्स्ट्रेंट आणि इंडेक्स नेले की नाही. ज्या काळात दोन्ही व्हर्जनचं बिल चालू होतं त्यातलं नव्याचं बिल परत करा. आणि हे टिकेट डेटाबेस कळणाऱ्या माणसाकडे द्या, "पुन्हा ट्राय करा" लिहिणाऱ्याकडे नको, आम्ही आत्तापर्यंत चारदा ट्राय केलंय.

सोबत एक छोटी फाइल जोडतोय. तीन नोड आणि चार रिलेशनशिप, त्यातल्या दोन समांतर, एक मोठ्या आयडीकडून लहानाकडे जाणारी, आणि एका नोडच्या नावात ऱ्या. तुमच्या बटणाने बाहेर काढा, तुमच्याच बटणाने आत घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा, पाच मिनिटं लागतील. काय दिसलं ते टिकेटवर लिहा, टिकेट मी चौथ्यांदा उघडलंय.

आपला,
जुन्या व्हर्जनवर अडकलेला एक ग्राहक