गडाखालच्या गावाचं पाणी आधी मोजा: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये महाराजांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आम्ही पुण्यातल्या गडप्रेमींनी पेढे वाटले. शिवनेरी, लोहगड आणि राजगड तर आमच्याच जिल्ह्यातले. तो आनंद अजून ओसरलेला नाही. तरीही एक काळजी आपल्या कानावर घालायची आहे.

राजगडाच्या पायथ्याच्या एका गावात आम्ही वर्षानुवर्षं एकाच मावशींकडे जेवतो. पिठलं, भाकरी, ठेचा. गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा अंगणात एक निळं पिंप होतं, त्यावर फडकं बांधलेलं. हात धुवायला उठलो तर मावशींनी तांब्या हाती दिला नाही. स्वतःच बारीक धार धरून एकेकाच्या हातावर पाणी घातलं. म्हणाल्या, "टँकर परवा येऊन गेला, आता कधी येईल सांगता यायचं नाही." समोर रस्त्यावर गडावरून उतरलेली पोरं बाटलीबंद पाण्यानं बूट धूत होती. बाटल्या तिथंच टाकून गाडी निघून गेली. त्या उचलल्या मावशींच्या सुनेनं.

साहेब, पर्यटनानं गावाला रोजगार मिळतो हे खरंच आहे. मावशींचं घर त्यावरच चालतं. पण रविवारी हजारोंनी माणसं आली की पाणी, कचरा आणि शौचालय यांचा भार त्याच चार वाड्यांवर पडतो. बायाबापड्यांची तर फार कुचंबणा होते, गावातल्याही आणि आलेल्याही. यादीत नाव आल्यावर गर्दी वाढणार, तेव्हा कोणत्या गावाला किती माणूस झेपेल हे आधी ठरायला नको का?

हे न ठरवल्याची किंमत इतरांनी मोजली आहे. फिलिपिन्समध्ये बोराकाय बेटाचं सांडपाणी समुद्रात जाऊ लागलं, तेव्हा २०१८ मध्ये सरकारला ते बेट सहा महिने पर्यटकांसाठी बंद करावं लागलं आणि हातावर पोट असलेल्यांचं काम गेलं. थायलंडची माया बे ही समुद्राची खाडी गर्दीमुळे त्याच वर्षी बंद झाली, ती प्रवाळ सावरू लागल्यावर २०२२ च्या जानेवारीत उघडली. भूताननं परदेशी पाहुण्याला दर रात्रीचं शुल्क लावलं. ती वाट मात्र आपली नव्हे. पोरांना घेऊन गडावर जाणाऱ्या रिक्षावाल्याला राजगड परवडलाच पाहिजे. आपल्याला कास पठार जवळचं आहे. तिथं फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून दिलेली असते आणि व्यवस्था पाहायला आसपासच्या गावांतलीच माणसं असतात.

म्हणून विनंती एवढीच, की जाहिराती आणि रुंद रस्ते यांच्या आधी प्रत्येक गडाखालच्या गावाची धारणक्षमता मोजा. वाहनांचं शुल्क घ्यायचं तर घ्या, पण त्याचा ठरलेला वाटा त्याच गावाच्या पाण्यावर आणि शौचालयांवर खर्च होऊ द्या. हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या. किती माणूस सोडायचा, हे ग्रामसभेला विचारल्याशिवाय ठरवू नका.

आणि यासाठी बैठक घ्याल, तर ती मंत्रालयात नको. पायथ्याच्या देवळात घ्या, मे महिन्यात. पावसाळ्यात आलात तर विहिरी भरलेल्या दिसतील.

आपला नम्र,
एक पुणेकर गडप्रेमी