राजाच्या वाढदिवसाचा बाजार

हार्लेम,
29 एप्रिल 2024

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

लोकांनी निवडलेले सरकार असताना नेदरलँड्सने राजाचा वाढदिवस सुटी देऊन कशासाठी साजरा करावा, असे तू फोनवर विचारलेस. तेव्हा ते धड सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

राजे विलेम-अलेक्झांडर यांचा जन्म 27 एप्रिल 1967 चा, म्हणून 2014 पासून हा उत्सव त्या तारखेला होतो. प्रथा मात्र जुनी आहे. 1885 साली 31 ऑगस्टला, राजकन्या विल्हेल्मिना पाच वर्षांची झाली तेव्हा ती सुरू झाली आणि तिची मुलगी युलियाना गादीवर आल्यावर 30 एप्रिलवर गेली. पुढच्या राणी बिआट्रिक्स यांचा वाढदिवस जानेवारीच्या कडाक्यात येत असल्यामुळे त्यांनी आईचीच तारीख चालू ठेवली, हे मला मोठे शहाणपणाचे वाटले.

राजघराणे या दिवशी दरवर्षी वेगळ्या गावाला भेट देते. यंदा ते एमेनला होते. आम्ही ताईबरोबर ॲमस्टरडॅममध्ये दिवसभर हिंडलो, पण राजाचे नाव कोणाच्या तोंडी फारसे ऐकू आले नाही. संचलन नाही, भाषणे नाहीत. लोक घरातले जुने सामान काढून रस्त्यावर विकायला बसतात, हाच इथला सोहळा. त्या दिवशी परवाना लागत नाही आणि विक्रीवर करही नाही. जागा धरण्यासाठी आधीपासून फरशीवर खडूने चौकोन आखून ठेवतात आणि आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाला जो मान असतो, तोच त्या चौकोनाला मिळतो. कालव्यांत नारिंगी कपडे घातलेल्या तरुणांच्या बोटींची आणि कर्कश गाण्यांची एवढी गर्दी होती की, तुझे बाबा तासाभरातच कंटाळले. मग ताईने आम्हांला फोंडेल पार्कमध्ये नेले.

ही बाग त्या दिवशी मुलांसाठी राखलेली असते. कोणी व्हायोलिन वाजवून पैसे मिळवत होते, तर कोणी एका युरोत स्वतःच्या वडिलांच्या तोंडावर अंडे फेकू देत होते! आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीकडे पवनचक्कीचे चित्र जुळवण्याचा खेळ होता. तिने दोन युरो सांगितले, मी सवयीने एक म्हटले. तिने शेजारच्या भावाशी गंभीरपणे सल्लामसलत केली आणि सौदा दीडवर ठरला. पण पैसे हातात घेण्यापूर्वी तिने ताईला सांगितले की, आभाळाचा एक तुकडा हरवला आहे. आपल्या वेंगुर्ल्याच्या डच वखारीच्या पडक्या भिंती तू लहानपणापासून पाहिल्या आहेस. ती वखार घालणाऱ्यांच्या मुलखात व्यवहाराचे शिक्षण या वयात सुरू होते, याचे मला नवल वाटले नाही.

नारिंगी रंगाचा उलगडा मात्र काल डेल्फ्टला झाला. फ्रान्सच्या दक्षिणेस ओरांज नावाचे छोटेसे संस्थान होते, ते वारसाहक्काने विलेम या सरदाराकडे आले आणि घराण्याला नाव मिळाले; त्या नावावरूनच नारिंगी, म्हणजे ऑरेंज, हा घराण्याचा रंग झाला. याच विलेमने स्पेनच्या राजाविरुद्ध उठावाचे नेतृत्व केले आणि 10 जुलै 1584 रोजी डेल्फ्टच्या प्रिन्सेनहोफ या वाड्यात जिन्यापाशी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. भिंतीतली ती भोके आजही काचेआड जपून ठेवलेली आहेत. म्हणजे ज्या घराण्याचा वाढदिवस हे लोक साजरा करतात, त्याचा मूळ पुरुष राजाविरुद्धच लढला होता. तुझ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मला त्या जिन्याशी मिळाले. वाटेवरचे लायडनही त्याचेच ऋणी आहे. स्पेनच्या वेढ्याला ते गाव पुरून उरले, म्हणून त्याने 1575 मध्ये तिथे विद्यापीठ स्थापन केले.

हार्लेम ते लायडन आगगाडीच्या दोन्ही बाजूंना ट्यूलिपची शेते लागतात. कंद पोसला जावा म्हणून शेतकरी उमललेली फुले खुडून टाकतात, त्यामुळे मधले काही पट्टे नुसते हिरवे दिसतात. बाबांना ती नासाडी वाटली. मला शेती वाटली.

पुढच्या वर्षी येण्याचे तुझ्या मनात आहे, तर एक ध्यानात ठेव. 2025 मध्ये 27 एप्रिलला रविवार येतो, त्यामुळे उत्सव शनिवारी, 26 लाच होईल. तिकिटे त्या हिशेबाने काढ. त्या दिवशी ॲमस्टरडॅमच्या मध्यभागात ट्राम चालत नाहीत, तेव्हा मुक्काम हार्लेमलाच ताईकडे कर आणि पायांत जुने जोडे घाल.

तुझी,
आई