निवाऱ्यातल्या स्वयंसेवकांचे मनापासून आभार

१० ऑक्टोबरच्या जागतिक बेघर दिनानिमित्त आमच्या निवाऱ्यात वर्षभर राबलेल्या सगळ्या स्वयंसेवकांचे आभार. नावं छापू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून ती देत नाही. कामाबद्दल मात्र बोलणारच.

पांघरुणं धुणं, जेवण वाढणं, रात्रपाळीला जागणं हे तर तुम्ही केलंतच. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कागदपत्रांचं काम. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, आणि ओळखपत्र नाही म्हणून बँकेत खातं नाही की धड नोकरी नाही. या चक्रातून एकेकाला बाहेर काढायला तुम्ही अर्ज भरलेत, त्यांच्यासोबत रांगेत ताटकळलात, अर्ज परत आला तर पुन्हा गेलात.

आणि पायांच्या जखमा! ओल्या बुटांत दिवसचे दिवस राहून पाय चिघळलेले असतात. तुमच्यापैकी एकीने अशाच एका आजोबांचं आधी नाव विचारलं, "दुखलं तर सांगा हं" म्हणाली आणि मगच जुनी पट्टी हळूहळू सोडवली. कुणाशीच न बोलणारे आजोबा तेव्हा पहिल्यांदा स्वतःहून बोलले.

तुमच्या घरच्यांचेही आभार. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्यांनी तुम्हाला आमच्याकडे येऊ दिलं.