चि. बायस, मुक्काम धडगाव

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू मला यथेच्छ झापलंस आणि मी तोंड उघडायच्या आत "बाबा, पेशंट आलाय" म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पत्राला पेशंट येत नाहीत.

बोट बरं आहे. सूज मनगटाच्या खाली उतरली, लघवी स्वच्छ, हिरड्यांतून रक्त नाही. तू विचारशील ते सगळं आईनं तपासून लिहायला लावलंय. तुला उशिरा कळवलं ते मी सांगितलं म्हणून, आईला बोलू नकोस. तुझी पहिलीच नाईट होती त्या दिवशी.

वरच्या काजीतला गडगा कोसळला होता, तो रचत होतो. चिरा उचलला तेव्हा खसखस आवाज आला, मला वाटलं पाचोळा. फुरसं ते. हातभरसुद्धा नव्हतं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला डसलं. बाळूकाका सुंभ घेऊन धावला, दंडाला आवळायला. "आधी उतरवून घेवया, मगे दवाखान्यात." तुझी आई मध्ये उभी राहिली. तू गणपतीत बायकांना ओटीवर बसवून सांगितलं होतंस ना, बांधायचं नाही, कापायचं नाही, हात हलवायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. तेव्हा मला वाटलं होतं या फक्त चहा पितायत. तिनं माझी अंगठी साबण लावून काढली, हात उपरण्यात अडकवून गळ्यात बांधला आणि बाळूला म्हणाली, रिक्षा काढ, मंत्र वाटेत म्हण.

मी कॅज्युअल्टीत पेशंट म्हणून कधी गेलो नव्हतो. केसपेपरच्या खिडकीवर नोट पुढे केली तर मुलगा म्हणाला, "ठेवा काका, ऑगस्ट 2023 पासून पैसे घेत नाही आम्ही." अख्खी कंडक्टरकी सुट्या पैशांवरून भांडण्यात गेली आणि इथे कुणी नोटच घेईना.

डॉक्टर तुझ्या वयाचा. पायात रबरी चप्पल, दाढी वाढलेली. त्यानं काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन नळी खिडकीत उभी केली आणि बजावलं, 20 मिनिटं कुणी हात लावायचा नाही. मी घड्याळ बघत पडलो. 20 मिनिटांनी त्यानं नळी कलती केली. गोठायला हवं होतं ते रक्त सरळ वाहून आलं. आईला काही कळलं नाही, मला त्याच्या तोंडावरून कळलं. मग सिस्टरनं विषावरच्या औषधाच्या 10 बाटल्या मांडल्या. आत पांढरी पूड. पाणी सोडायचं आणि बाटली दोन तळव्यांत धरून सावकाश फिरवत राहायची. मी म्हटलं, अहो हलवा की जोरात. तर म्हणाली, "फेस होतो काका. तुम्ही पडून राहा." एकेक करून दहाही. सलाईन सुरू झालं तशी अंगभर खाज सुटली, थंडी भरली, डॉक्टरनं लगेच मांडीत सुई दिली. 6 तासांनी पुन्हा नळी. या वेळी रक्त धरलं होतं. त्यानं नळी उलटी करून मला दाखवली, पहिला नंबर आलेलं पोर प्रगतिपुस्तक दाखवतं तशी. तू अशीच दाखवत असशील का कुणाला?

पण हे तुला पाठ आहे. लिहायचं होतं ते मधल्या वेळेतलं.

रात्री एकच्या सुमारास मोटरसायकलवरून पडलेला एक पोरगा आणला आणि त्याच्यामागून अर्धी वाडी. बरेचजण प्यालेले. "डॉक्टर खंय आसा?" डॉक्टर समोरच होता, माझ्या हाताची सूज टेपनं मोजत. तो धावला, रक्त दाबून धरलं, 108 ला फोन लावायला सांगितला, म्हणाला डोक्याला मार आहे, गोव्यात बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. एवढं ऐकल्यावर एकानं त्याची कॉलर धरली. भिंतीवर बोर्ड होता, 2010 चा कायदा, डॉक्टरवर हात टाकला तर 3 वर्षं कैद आणि 50 हजार दंड. कॉलर धरणारा त्याच बोर्डाला टेकलेला. वॉचमन एकच, माझ्याहून म्हातारा. खोलीला दार एक आणि त्या दारात माणसं. मला उठता येईना, तेव्हा जुन्या आवाजात ओरडलो, "चला, पुढे सरका, पुढे सरका, दार मोकळं करा!" सवयीनं दोघं-तिघं सरकलेसुद्धा. तेवढ्यात गाडी आली. पोराला त्यांनी नेलं. डॉक्टर परत माझ्याकडे आला तेव्हा त्याचं बटण तुटलेलं होतं. टेप उचलली, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

बाय, तुमच्या कॅज्युअल्टीला मागचं दार आहे का? एवढंच कळव. एसटीत बघ, गाडी कितीही खटारा असू दे, "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" लिहिलेलं असतंच. 30 खाटांच्या दवाखान्यात नको?

आता ओरडणाऱ्यांविषयी. ओरडतो तो सहसा काही करत नाही; जो गप्प उभा असतो त्याच्यावर नजर ठेव. घोळक्यात एखादं शहाणं माणूस असतंच, बहुतेक म्हातारी बाई. तिच्या हातात काम दे, हे धरा, पाणी आणा. आणि न विचारता सांगत राहा. गाडी बंद पडली की ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालतो, पण कंडक्टरनं मागे येऊन काय झालंय, किती वेळ लागेल ते सांगायचं असतं. सांगितलं नाही की माणसं भडकतात. तिकडे पावरी बोलतात म्हणे, कुठे दुखतंय एवढं तरी शिकून घे. रात्री एकटीनं क्वार्टरवर जायचं नाही. चहावाल्याशी, पोलीस पाटलाशी ओळख ठेवायची. वस्तीच्या गाडीवर मला अशाच लोकांनी जेवू घातलं.

झालं, सुरू झालं माझं. शिकलीस तू, मी घंटी ओढत होतो. माफ कर.

तुला आठवतं का, शाळेला सुट्टी पडली की शेवटच्या गाडीला यायचीस, कंडक्टर सीटवर ट्रे मांडीवर घेऊन. एकदा तो दारुडा ओकला आणि सगळे नाकाला रुमाल लावून पुढे पळाले. तू त्याला तुझी पाण्याची बाटली देऊन आलीस. मग घर येईपर्यंत बाटलीसाठी रडलीस. नवीन होती. ते मी डेपोत किती जणांना सांगितलंय.

आत्याचे यजमान म्हणाले होते, सरकारी नोकरीच्या बॉण्डचे 10 लाख भरून मोकळी करा पोरीला, कुठे त्या सातपुड्यात पाठवता. 10 लाख कुठून आणणार, हा एक भाग. पण तू म्हणालीस, पैसे असते तरी मी गेले असते, तेव्हा मी आत जाऊन उगाच कपाट आवरलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या त्या डॉक्टर मुलीची बातमी आली तेव्हाही असंच. तू संपावर होतीस, म्हणालीस, बाबा, टीव्ही बंद करा. केला होता. त्यानं काय होतं? ती मुलगीसुद्धा ड्यूटीवरच होती. हे लिहायचं नाही असं आईला कबूल केलं होतं.

म्हणून दाराचं विचारतोय. आणि आतून कडी आहे का तेही.

आमसुलं, कुळथाचं पीठ आणि दादाकडून आलेलं स्वेटर पार्सलनं पाठवलंय, शहादा डेपोत उतरेल. तिथे माझ्या ओळखीचा एक जुना ड्रायव्हर आहे, तोच घेऊन येईल. त्याला मी तुझ्याबद्दल विशेष काही बोललेलो नाही. फक्त एवढंच म्हटलं की गेलास तर दवाखान्याच्या मागच्या बाजूनं एक चक्कर मार आणि दार कसं आहे बघून मला फोन कर. तो रविवारी येईल. त्याला चहा दे, त्याच्यावर रागावू नकोस.

तुझा,
बाबा