ओमान म्हणजे नुसते तेल नव्हे

महोदय,

आखाती देशांवरील आपल्या रविवारच्या लेखात ओमानला जेमतेम दोन ओळी मिळाल्या, त्याही तेलावरच. मस्कतला पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी केल्यामुळे थोडी भर घालतो.

पश्चिमेला रुब अल खाली वाळवंटाची वाळू आहेच. पण उत्तरेला हजर नावाचा पर्वत आहे आणि त्यातले जेबेल शम्स शिखर सुमारे ३,००० मीटर उंच. त्याच्या पायथ्याच्या गावांतले फलज, म्हणजे पाण्याचे जुने पाट, बघायला हवेत. जमिनीखालचे पाणी पंपाविना, नुसत्या उतारावर खजुराच्या बागांत पोहोचते. ज्याची त्याची पाण्याची पाळी वेळेनुसार मोजायची, पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून. कारभार बघणारा माणूस गावातलाच. (आमच्या खात्याची वेळापत्रके इतकी चोख कधीच नव्हती!) निझव्याच्या फलज दारिससह अशा पाच फलजांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारसा ठरवले.

दक्षिणेला सलालाची तऱ्हाच निराळी. जून ते सप्टेंबर तिथे धुके आणि रिमझिम, डोंगर हिरवेगार. शेजारच्या देशांतली कुटुंबे मुद्दाम भिजायला येतात.

तेलाची निर्यात सुरू झाली १९६७ मध्ये. रस्ते, शाळा, दवाखाने प्रामुख्याने १९७० नंतर, सुलतान काबूस यांच्या काळात आले. आता तेलावरचा भार कमी करायचा म्हणून २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालवरच्या उत्पन्नावर ५ टक्के आयकर लागणार आहे. आखाती सहकार्य परिषदेच्या देशांत असा वैयक्तिक आयकर हा पहिलाच, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही!

— एक निवृत्त अभियंता