पाळकसाहेब, तुम्ही बायबल परत पिशवीत ठेवलंत म्हणून

पाळकसाहेब, सलाम. तुमची मुलगी हे तुम्हाला वाचून दाखवेल अशी आशा आहे. तोंडावर बोलायला गेले की माझा गळा दाटतो, म्हणून लिहिते.

धाकटा भाऊ गेला तेव्हा दोन वर्षं डायलिसिस झालं होतं, आम्ही सगळे थकलो होतो, आणि आठवडा पण झाला नसेल तोवर आपल्याच चर्चच्या मंडळीतली माणसं घरी येऊन सांगायला लागली की देवाची इच्छा, त्याला तिकडे जास्त गरज होती. एकीने तर आईच्या समोर म्हटलं की विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. ज्या आईने दोन वर्षं पहाटे चारला उठून गुडघे टेकले तिला हे ऐकवलं. मला अजून ते आठवलं की हात थरथरतात. मी उपासनेला जाणं बंद केलं तर लगेच निरोप, की तिच्यासाठी खास प्रार्थना ठेवू. मी कशी आहे ते विचारायला मात्र कोणी आलं नाही.

तुम्ही रिटायर झालेले, तुमच्यावर काही जबाबदारी नव्हती. तरी गुरुवारी आलात, चहा घेतलात, ते चेनच्या कव्हरातलं बायबल बाहेर काढलंत आणि विचारलंत, "प्रार्थना करू का, की नको?" आयुष्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं हो. आमच्याकडे चहा संपला की डोळे मिटायचेच असतात. मी नको म्हटलं. तुमचा चेहरा जरा पण उतरला नाही, तुम्ही बायबल परत पिशवीत ठेवलंत, चेन लावलीत आणि म्हणालात, "बरं. अजून अर्धा कप टाक." बस, एवढंच. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी झोपले.

पुढच्या गुरुवारी परत आलात, परत विचारलंत, मी परत नको म्हटलं, आणि असं किती गुरुवार चाललं. मध्ये मी एकदा चिडून विचारलं की तो का गेला ते सांगा, तर तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "मला माहीत नाही बेटा." चाळीस वर्षं उपदेश केलेला माणूस माहीत नाही म्हणाला आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा खरं बोलतोय.

थोमाचं, प्रभू मेलेल्यातून उठला यावर शंका घेणाऱ्या शिष्याचं, तुम्ही सांगितलंत ते मी लहानपणापासून संडेस्कूलमध्ये ऐकलेलं, पण संशय घेतला म्हणून त्याला नावं ठेवलेलीच ऐकलेली. तुम्ही म्हणालात की नीट वाच, आठ दिवसांनी प्रभू परत आला तेव्हा थोमा कुठे होता, आत, बाकीच्यांबरोबर, कोणी त्याला बाहेर काढला नव्हता. आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला आजारी पोराचा तो बाप, जो विश्वास आहे पण म्हणतो आणि माझा अविश्वास घालव पण म्हणतो, त्याला प्रभूने जा आधी पक्का होऊन ये असं सांगितलं नाही, त्याचा पोरगा तसाच बरा केला. हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती खूप रडली, कारण विश्वास कमी पडला हे ओझं ती एकटीच घेऊन बसली होती. 88 वं स्तोत्र पण तुम्हीच दाखवलंत, शेवटपर्यंत अंधारच आहे त्यात, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही.

आणि लक्ष्मीबाई टिळकांचं. 1895 ला त्यांच्या नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी, मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या काही लगेच त्यांच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या नाहीत, काही वर्षं गेली, मग स्वतःच्या मनाने आल्या. आपल्या नगरच्या माणसांना टिळकांची गाणी पाठ असतात, पण लक्ष्मीबाईंना लागलेला तो वेळ आपण दुसऱ्या कोणाला देत नाही.

एका गुरुवारी मी म्हटलं की तुम्ही करा, मी नुसती बसते. तुम्ही दोनच वाक्यं बोललात, त्यात धाकट्याचं नाव होतं. आमेन तुम्ही एकट्यानेच म्हटलंत, माझ्याकडे बघितलं पण नाहीत.

आता मी जाते, मागच्या बाकावर बसते. प्रश्न गेलेले नाहीत. गाताना काही ओळी तोंडातून निघत नाहीत, त्या सोडते आणि पुढची धरते. आई म्हणते पाळकसाहेबांना गुळाचा चहा आवडतो, गूळ आणून ठेवलाय. गुडघा बरा झाला की या. आणि आल्यावर नेहमीसारखं आधी विचारा.